‘लिहून नेता, पुढे काय?’ : नागपाड्यापासून देवनारपर्यंत

१९२६ साली मुंबईच्या नागपाड्यात ‘नेबरहुड हाउस’ या नावाचे एक घर सुरू झाले. पुढच्याच वर्षी, १९२७ साली, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला देवनारच्या खाजणात मुंबईचा कचरा टाकायला सुरुवात झाली. या दोन घटनांचा त्या वेळी एकमेकींशी काडीचाही संबंध नव्हता. पण टाटा समाजविज्ञान संस्थेचा इतिहास लिहायला बसले की दोन्ही तारखा शेजारी शेजारी मांडाव्या लागतात. संस्थेचा जन्म पहिल्या ठिकाणी झाला आणि ती वाढली दुसऱ्या ठिकाणाच्या शेजाराने.

संस्थेचा इतिहास सहसा इमारती, संचालक आणि अभ्यासक्रम यांच्या क्रमाने सांगतात. तो क्रम पुढे येईलच. पण वस्तीच्या बाजूने पाहिले, तर या नव्वद वर्षांचे सूत्र एका साध्या प्रश्नात सापडते. वही घेऊन दारात उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याला घरातली बाई सगळे सांगते. माणसे किती, कमाई किती, पाणी कुठून येते, संडासाला किती लांब जावे लागते. शेवटी हात पुसत ती विचारते, “लिहून नेता, पुढे काय?” क्षेत्रकार्याला गेलेल्या बहुतेक प्रत्येकाने हा प्रश्न मराठीत, हिंदीत किंवा दोहोंच्या मिसळीत ऐकलेला असतो. संस्थेने त्याला वेळोवेळी वेगवेगळी उत्तरे दिली. त्यातली काही टिकली, काही अपुरी पडली. हा लेख त्या उत्तरांचा हिशेब आहे.

मोहल्ल्यातले घर

विद्यापीठातल्या तरुणांनी गरीब वस्तीत जाऊन राहायचे, शेजारी म्हणून जगायचे आणि त्यातून वस्ती व विद्यार्थी दोघांनीही शिकायचे, ही कल्पना पहिल्यांदा लंडनमध्ये रुजली. १८८४ साली सॅम्युअल आणि हेन्रिएटा बार्नेट या दांपत्याने लंडनच्या ईस्ट एंडमध्ये टॉयन्बी हॉल सुरू केला आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजचे विद्यार्थी तिथे राहायला आले. पाच वर्षांनी, १८८९ साली, जेन ॲडम्स यांनी शिकागोत हल हाउस उभारले. शिकागोतच शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट १९२५ साली मुंबईत आले, ते या परंपरेची शिदोरी घेऊनच.

त्यांना पाठवणारी संस्था मराठी वाचकाला परकी नाही. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले. १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू करणारी आणि नगरला रेव्हरंड ना. वा. टिळकांचे कार्यक्षेत्र ठरलेली ती हीच मिशन. विसाव्या शतकाच्या पहिल्या पाव भागात गिरण्यांचे शहर फुगत गेले, तसे या मिशनने शहरातल्या दाट वस्त्यांत काम करायचे ठरवले. नागपाडा नेबरहुड हाउस त्या निर्णयातून उभे राहिले आणि मॅन्शार्ट त्याचे पहिले संचालक झाले.

नागपाडा निवडण्यालाही अर्थ होता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. कोंदट वस्त्या पाडायच्या, रस्ते रुंद करायचे, हवा-उजेड आत घ्यायचा, हे ट्रस्टचे काम. त्याच्या अगदी सुरुवातीच्या योजनांमध्ये नागपाडा होता. म्हणजे या भागाने ‘सुधारणा’ हा शब्द पहिल्यांदा ऐकला तो कुदळीच्या आवाजासोबत. ट्रस्टच्या माणसांनीही घरे मोजली होती, माणसे मोजली होती. ती मोजणी काय पाडायचे हे ठरवण्यासाठी होती. जितकी घरे पडली तितकी नवी उभी राहिली नाहीत, आणि उठवलेली माणसे शेजारच्या गल्लीत आणखी दाटीवाटीने राहू लागली. वस्तीला कागदाची धास्ती का वाटते, हे समजून घ्यायला शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा नागपाडा पुरेसा आहे.

अशा मोहल्ल्यात हे घर उघडले. आजूबाजूला मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू अशी मिश्र वस्ती आणि पलीकडे कामाठीपुरा. घर मिशनचे असले, तरी आत येणाऱ्याला धर्म विचारला जात नव्हता. वाचन, वर्ग, आरोग्य, खेळ अशी कामे तिथे चालत. अमेरिकेतून आलेला बास्केटबॉल नागपाड्यात असा रुजला की पुढे तो या भागाची ओळखच झाला. भारताचे कर्णधारपद भूषवलेले आणि अर्जुन पुरस्कार मिळवलेले अब्बास मुंतसिर याच नागपाड्याचे. शेजार जिवंत करायला कधी कधी एक चेंडू आणि दोन कड्या पुरतात, हे नागपाड्याने दाखवून दिले.

घरात व्याख्यानेही होत. शहर कसे चालते, ते कोण चालवते आणि कसे चालायला हवे, हे त्यांचे विषय. त्यातल्या आठ व्याख्यानांचे ‘बॉम्बे टुडे अँड टुमारो’ हे पुस्तक १९३० साली निघाले. महापालिकेच्या कारभारावर मॅन्शार्ट यांचे स्वतंत्र पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. गल्लीतली तुंबलेली मोरी आणि महापालिकेतली फाइल यांचा संबंध जोडून दाखवण्याची सवय या घराने तेव्हाच लावून घेतली.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. मुंबईत वस्तीत जाऊन काम करणारे मॅन्शार्ट पहिले नव्हते. विठ्ठल रामजी शिंद्यांची ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’ १९०६ पासून, आणि ना. म. जोश्यांची सोशल सर्व्हिस लीग १९११ पासून शहरात काम करत होती. रात्रशाळा, फिरती वाचनालये, कामगारांच्या चाळींतले उपक्रम मुंबईने आधीच पाहिले होते. मॅन्शार्ट यांनी त्यात भर घातली ती वेगळ्या विचाराची. या कामासाठी कळवळ्याबरोबर शिक्षण लागते, आणि ते शिक्षण वस्तीतच मिळायला हवे, असे त्यांचे म्हणणे होते.

वीसजणांची तुकडी

सर दोराबजी टाटा १९३२ साली गेले. त्याच वर्षी त्यांच्या नावाचा ट्रस्ट स्थापन झाला. टाटा घराण्याचा पैसा गरिबीच्या अभ्यासासाठी लागण्याची ती पहिली वेळ नव्हती. दोराबजींचे धाकटे बंधू सर रतन टाटा यांच्या देणगीतून १९१२ च्या सुमारास लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गरिबीच्या प्रश्नांच्या अभ्यासाची सोय झाली होती. तिचे प्रमुखपद आर. एच. टॉनी यांच्याकडे आले आणि तिथल्या व्याख्यात्यांत पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले क्लेमंट ॲटलीही होते. म्हणजे मुंबईतला पैसा आधी लंडनची गरिबी समजून घ्यायला गेला. तो मुंबईत, भायखळ्याच्या नागपाड्यात, परत यायला आणखी चोवीस वर्षे लागली.

मॅन्शार्ट यांची योजना ट्रस्टने मान्य केली आणि १९३६ साली ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ सुरू झाले. समाजकार्याचे पदव्युत्तर शिक्षण देणारी ही देशातली पहिली संस्था. मॅन्शार्ट तिचेही पहिले संचालक. पहिल्या तुकडीत वीस विद्यार्थी होते. अभ्यासक्रम दोन वर्षांचा होता आणि सुरुवातीच्या काळात नवी तुकडी दर दोन वर्षांनी घेतली जाई. वर्ग भरत नागपाडा नेबरहुड हाउसमध्येच.

हा शेवटचा तपशील सर्वांत महत्त्वाचा. शाळेचा आणि वस्तीचा पत्ता एकच होता. विद्यार्थ्याला ‘क्षेत्रात’ जायचे नव्हते, तो क्षेत्रातच बसून शिकत होता. खिडकीतून येणारा गलका, खेळायला आलेली पोरे, दारात ताटकळलेली आई हे सगळे अभ्यासक्रमाचा भाग होते. १९३७ साली संस्थेने बालमार्गदर्शन चिकित्सालय सुरू केले. देशातले ते अशा प्रकारचे पहिलेच. पुस्तकात शिकलेले कालचे प्रकरण आज समोर बसलेल्या मुलाच्या रूपाने भेटू लागले.

पुस्तके मात्र बहुतेक अमेरिकेतली आणि इंग्लंडमधली होती. कुटुंब म्हणजे आई-बाप-मुले, असे तिथे गृहीत धरलेले. नागपाड्यात एका खोलीत गावाकडून आलेला चुलता, त्याचा मेहुणा आणि पाळीने झोपणारे चार गाववाले असत. हे जुळवून घेताना भारतीय वास्तवाचे लेखन हवे, ही निकड वाढत गेली. त्यातून १९४० साली ‘इंडियन जर्नल ऑफ सोशल वर्क’ हे नियतकालिक सुरू झाले, ते आजही चालू आहे. १९४१ साली मॅन्शार्ट पायउतार झाले आणि डॉ. जे. एम. कुमारप्पा संचालक झाले. गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांचे ते बंधू. त्यांच्याच काळात, १९४४ साली, शाळेला ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ हे आजचे नाव मिळाले. ‘सोशल वर्क’ जाऊन ‘सोशल सायन्सेस’ आले. कामाइतकाच अभ्यासही महत्त्वाचा, असे हा बदल सांगत होता.

या पहिल्या पर्वात ‘पुढे काय?’चे उत्तर शब्दांत द्यायची गरजच पडली नाही. ‘पुढे आम्ही इथेच आहोत, उद्या संध्याकाळी या,’ हे ते उत्तर होते.

पत्ता बदलतो

फाळणीनंतर संस्थेच्या अध्यापक-विद्यार्थ्यांचे पथक कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत गेले. उद्ध्वस्त शेजार नव्याने कसा जमवायचा, याचा इतका मोठा पाठ कोणत्याही वर्गात मिळाला नसता. इकडे भायखळ्याची जागा अपुरी पडू लागली होती. मधली काही वर्षे अंधेरीत काढून १९५४ साली संस्था देवनारच्या आजच्या परिसरात आली. उद्घाटन पंतप्रधान जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झाले. १९६४ साली संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला.

त्या वेळचे देवनार म्हणजे शहराबाहेरचे खाजण. कुर्ला-चेंबूर रेल्वे १९०६ साली टाकली गेली तीच कचऱ्याच्या गाड्यांसाठी, त्यावरून प्रवासी गाड्या धावू लागल्या १९२४ मध्ये. जे शहराला नको ते इकडे पाठवायचे, ही सवय तेव्हापासूनची. संस्था आली तेव्हा आजूबाजूला मोकळी जागा होती, झाडे लावता आली, वसतिगृहे बांधता आली. नागपाड्याचा गोंगाट मागे राहिला. वस्ती आणि वर्ग यांच्यामध्ये पहिल्यांदाच एक फाटक आले.

पण शहराची सवय सुटली नव्हती. १९७१ साली देवनारला कत्तलखाना आला. सत्तरच्या दशकात शहरातल्या ठिकठिकाणच्या झोपड्या हलवून शिवाजीनगर-बैंगनवाडी वसवली गेली. चुन्याने आखलेले दहा बाय पंधरा फुटांचे तुकडे, ओळीने गल्ल्या, सामायिक संडास आणि पलीकडे कचऱ्याचा डोंगर. मानखुर्दच्या जनता कॉलनीची जागा भाभा अणुसंशोधन केंद्राला हवी होती. मे १९७६ मध्ये, आणीबाणीच्या दिवसांत, ती वसाहत पाडली गेली आणि सुमारे ७० हजार माणसांना खाजणाच्या कडेला नेऊन सोडण्यात आले. तो आजचा चिता कॅम्प. संस्था वस्ती सोडून निघाली, आणि वीस-बावीस वर्षांत वस्ती तिच्या मागोमाग आली.

या काळात संस्थेचे नेतृत्व डॉ. मा. स. गोरे यांच्याकडे होते. १९६२ ते १९८२ अशी वीस वर्षे. समाजशास्त्राचा भक्कम पाया त्यांनी अभ्यासक्रमाला दिला. निवृत्तीनंतर त्यांनी विठ्ठल रामजी शिंद्यांवर आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विचारांवर इंग्रजीत ग्रंथ लिहिले. शिकागोच्या परंपरेतून सुरू झालेल्या संस्थेच्या संचालकाला आपल्या कामाचे मूळ परळच्या ‘डिप्रेस्ड क्लासेस मिशन’मध्येही शोधावेसे वाटले, ही बाब संस्थेच्या इतिहासात बारकाईने वाचण्यासारखी आहे.

क्षेत्रकार्याची घडी याच काळात पक्की बसली. आठवड्यातले ठरावीक दिवस वस्तीत, बाकीचे वर्गात. वस्तीत जायचे, बालवाडीत बसायचे, महिला मंडळाची बैठक जमवायची, रेशनकार्डाचे अर्ज भरून द्यायचे, रात्री वसतिगृहात रिपोर्ट लिहायचा, आठवड्याने सुपरव्हायझरांसमोर तो वाचायचा. या रिपोर्टांनी पिढ्या घडवल्या. ‘लोक आळशी आहेत’ असे पहिल्या आठवड्यात लिहिणारा विद्यार्थी तिसऱ्या महिन्यात ‘बैठकीला बाया आल्या नाहीत, कारण त्या वेळी टँकर येतो’ असे लिहू लागतो. समाजकार्याचे निम्मे शिक्षण या दोन वाक्यांच्या मधल्या अंतरात होते.

पण घडीला तिची मर्यादाही होती. विद्यार्थ्याचे वर्ष जूनमध्ये सुरू होऊन उन्हाळ्यात संपते, वस्तीचे वर्ष कधीच संपत नाही. नुकता विश्वास बसतो, नावाने हाका सुरू होतात, आणि परीक्षा येते. बॅच बदलते, वस्ती तीच राहते. नव्या बॅचला तीच माहिती पुन्हा पहिल्यापासून सांगायची. या पर्वातले ‘पुढे काय?’चे उत्तर होते ‘रिपोर्ट’. तो विद्यार्थ्याला घडवत होता, पण वस्तीच्या हाती त्याची प्रत क्वचितच पडत होती.

मोजणी कुणाची?

या प्रश्नाला खरे वळण मिळाले ते पुन्हा भायखळ्यातच.

मुंबईत गरिबाच्या घराचे अस्तित्व कागदावर ठरते. १९७६ साली राज्य सरकारने झोपड्यांची गणना केली आणि गणनेत आलेल्यांना फोटोपास म्हणजे फोटो असलेली ओळखपत्रे मिळाली. ज्याचे नाव लागले तो टिकला, त्या दिवशी गावी गेलेला होता तो उरला नाही. पुढे कधीपर्यंतची झोपडी ग्राह्य धरायची, याच्या कटऑफ तारखा आल्या, १९९५, मग २०००. घरातल्या पत्र्याच्या पेटीत दागिना नसेल, पण जुनी पावती, मतदारयादीचा उतारा, फोटोपास प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले असतात. फुटपाथवर राहणाऱ्यांना तर त्या गणनेतही जागा नव्हती. १९८१ च्या पावसाळ्यात राज्य सरकारने फुटपाथवरची माणसे हटवण्याची मोहीम उघडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. ‘ऑल्गा टेलिस’ खटला म्हणून ओळखला जाणारा तो निकाल १० जुलै १९८५ रोजी लागला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे न्यायालयाने मान्य केले, पण फुटपाथ मोकळे करण्याची वाटही महापालिकेला खुली राहिली.

संस्थेच्या माजी विद्यार्थिनी शीला पटेल नागपाडा नेबरहुड हाउसमध्ये काम करत होत्या. त्या घराने चालवायच्या सेवा आणि फुटपाथवरच्या बायकांची निकड यांचा मेळ बसेना, तेव्हा त्यांनी सहकाऱ्यांसह बाहेर पडून १९८४ साली ‘स्पार्क’ सुरू केली. जागा म्हणजे भायखळ्याच्या महापालिकेच्या दवाखान्याचे गॅरेज. निकालानंतर घरे पाडली जाण्याची टांगती तलवार असताना त्यांनी केले काय, तर मोजणी. १९८५ सालच्या ‘वी, द इन्व्हिजिबल’ या अहवालात सुमारे सहा हजार फुटपाथवासी कुटुंबांची नोंद आहे. माणसे वर्षानुवर्षे त्याच जागी राहत होती. कामावर पायी जाता यावे, बसभाड्यात मजुरी जाऊ नये, म्हणून ती फुटपाथवर होती. ‘काल आले, उद्या जातील’ या समजाला त्या नोंदींनी छेद दिला.

या मोजणीत पद्धत बदलली होती. माहिती देणाऱ्या बायकाच पुढे माहिती गोळा करणाऱ्या झाल्या. यादी वस्तीत परत यायची, सर्वांसमोर वाचली जायची, चुकलेले नाव दुरुस्त व्हायचे. लिहिता न येणाऱ्या बाईला आपल्या गल्लीत कुणाचे घर कितवे, हे तोंडपाठ असे. तिला फसवून यादीत खोटे नाव घुसवणे अवघड होते. १९८६ साली या बायकांची ‘महिला मिलन’ संघटना उभी राहिली. जनता कॉलनीच्या लढ्यातून आलेले जॉकिन अर्पुथम आणि त्यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ त्यांच्यासोबत आला. मानखुर्दला उठवलेल्यांचा अनुभव असा भायखळ्याच्या फुटपाथवर कामी आला. पुढे भायखळ्यातल्या काही फुटपाथवासी कुटुंबांना मानखुर्दलाच पक्की घरे मिळाली. शाळेने ज्या वाटेने प्रवास केला होता, त्याच वाटेने अर्ध्या शतकाने तिचे जुने शेजारीही आले.

मान्य करायला हवे की हे काम संस्थेच्या चौकटीत झाले नाही, चौकटीबाहेर पडलेल्यांनी ते केले. पण इतिहासात ते नोंदवणे भाग आहे, कारण विद्यार्थ्याने शिकलेल्या गोष्टीचा कस संस्था सोडल्यावरच लागतो. त्याच १९८४ सालच्या आसपास निर्मला निकेतन या मुंबईतल्या दुसऱ्या समाजकार्य महाविद्यालयाच्या जोगेश्वरीतल्या कामातून ‘युवा’ ही संस्था आकाराला आली. दोन्ही ठिकाणी ‘पुढे काय?’चे उत्तर एकच होते. पुढे हा कागद तुमच्या हातात राहील.

संस्थेनेही या काळात क्षेत्रकृती प्रकल्पांची, म्हणजे प्रत्यक्ष क्षेत्रात स्वतः चालवलेल्या कामांची, परंपरा वाढवली. मुंबई पोलिसांसोबत १९८४ साली सुरू झालेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, १९९० पासूनचा कैद्यांसोबत काम करणारा ‘प्रयास’, १९९६ साली रेल्वे स्थानकांवरच्या मुलांसोबतच्या कामातून निघालेली ‘१०९८’ ही चाइल्डलाइन. १९८६ साली तुळजापूरला ग्रामीण केंद्र झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादेत भूकंप झाला, तेव्हा पडलेल्या गावांची घरोघर पाहणी करायला विद्यार्थी गेले. बॅच बदलली तरी प्रकल्प बदलत नाही, म्हणून इथे वस्तीला तोच माणूस पुन्हा भेटू शकला.

फाटकाबाहेर

महापालिकेच्या २००९ च्या मानव विकास अहवालात मुंबईच्या चोवीस प्रभागांची क्रमवारी लावली होती. सर्वांत तळाला होता एम पूर्व, निर्देशांक ०.०५. म्हणजे गोवंडी, मानखुर्द, शिवाजीनगर, चिता कॅम्प. म्हणजेच देवनार. पंच्याहत्तरीला आलेली संस्था ज्या प्रभागात उभी होती, तोच प्रभाग शहरात शेवटचा होता. देशभर अभ्यास करून आलेल्या संस्थेला हा आकडा आपल्या फाटकावर चिकटवलेला दिसला.

२०११ साली, अमृतमहोत्सवी वर्षात, तत्कालीन संचालक एस. परशुरामन यांच्या कारकिर्दीत संस्थेने एम पूर्व प्रभागाच्या परिवर्तनाचा प्रकल्प हाती घेतला. प्रा. अमिता भिडे यांचा त्यात मोठा वाटा होता. समाजकार्याच्याच नव्हे, सगळ्या विभागांच्या विद्यार्थ्यांना घरोघर पाठवायचे ठरले. अडीचशेहून अधिक झोपडवस्त्या, तेराएक पुनर्वसन वसाहती, आठ लाखांवर लोकसंख्या. व्ही. एन. पुरव मार्ग ओलांडला की पाच-दहा मिनिटांत विद्यार्थी पोचत होते. कित्येकांच्या लक्षात आले की आपण वर्षभर जी बस धरतो ती याच गल्ल्यांच्या तोंडाशी थांबते.

त्यांना काय दिसले? वस्तीत नळ आहे, पण पाणी विकत घ्यावे लागते. संडास आहे, पण पैसे मोजून आणि रांगेत उभे राहून. अंगणवाडी आहे, पण शेजारच्या वस्तीत नाही, कारण ती वस्ती कागदावर नाही. कचरावेचक बाईच्या श्रमावर शहराची सफाई चालते, पण तिच्याच गल्लीत कचऱ्याची गाडी येत नाही. रस्ते आणि रेल्वे प्रकल्पांत घर गेलेल्यांसाठी उभारलेल्या लल्लूभाई कंपाउंडसारख्या वसाहतींत तर प्रश्न उलटा होता. तिथे कागद होता, सव्वादोनशे चौरस फुटांचे पक्के घर होते, पण इमारती इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागे. अशा वसाहतींत क्षयरोग का फैलावतो, यावर पुढे स्वतंत्र अभ्यास झाला. हवा-उजेडासाठी नागपाडा पाडणाऱ्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टनंतर शंभर वर्षांनी, नियोजन करून बांधलेल्या घरांत हवा-उजेड नव्हता.

पाहणीचे निष्कर्ष २०१५ च्या सुमारास अहवालरूपाने आले. वस्त्यांतल्या तरुणांसोबत बैठका झाल्या, नकाशे झाले, महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात चकरा झाल्या. कुठे एखाद्या सोयीचा पाठपुरावा यशस्वी झाला, कुठे फाइल बदली झालेल्या अधिकाऱ्यासोबत थंडावली. जानेवारी २०१६ मध्ये देवनारच्या कचऱ्याला लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांतूनही दिसला. तेव्हा शाळांना सुट्टी द्यावी लागली. प्रभाग बदलायला एक संस्था पुरत नाही, याची त्या धुराने आठवण करून दिल्यासारखे झाले. जमीन, पाणी, कचरा यांचे निर्णय प्रभागाबाहेर होतात. विद्यार्थी ते निर्णय बदलू शकत नाही. कोणता निर्णय कुठे अडला आहे, हे मात्र तो वस्तीसोबत शोधू शकतो, आणि पुढची बॅच तिथूनच सुरुवात करू शकते.

या पर्वात वस्तीही बदललेली होती. आजी ज्या मुलीला कडेवर घेऊन विद्यार्थ्याशी बोलली होती, ती मुलगी आता महाविद्यालयात होती. ती प्रश्नावली हातात घेऊन वाचायची आणि सांगायची, “हा प्रश्न असा विचारलात तर कोणी खरे सांगणार नाही.” कधी ती स्वतःच पाहणीला सोबत यायची. मॅन्शार्ट यांच्या काळात विद्यापीठ वस्तीत राहायला आले होते, आता वस्ती विद्यापीठात यायला लागली होती. १९३६ साली हे कुणाच्या स्वप्नातही नसावे, आणि तरीही त्या घराच्या कामाचे हेच सर्वांत नेमके फळ म्हणता येईल.

ऋणनिर्देश

स्मरणिकेत देणगीदारांची, संचालकांची, प्राध्यापकांची नावे येतात, यावीत. पण या संस्थेला शिकवणाऱ्यांची मोठी यादी कुठेच छापलेली नाही. नव्या पोरांना गल्ली दाखवणारी बालवाडीची बाई, भर उन्हात पाणी पुढे करून ‘आधी बसा’ म्हणणारी घरधनीण, पहिल्या बैठकीला कुणी येईना तेव्हा पेटी-तबला काढून लोक जमवणारे मंडळातले कार्यकर्ते, नेबरहुड हाउसच्या मैदानावरची पोरे. दर वर्षी नव्या बॅचला तीच माहिती न कंटाळता सांगणाऱ्या हजारो माणसांनी या विद्यापीठात फुकट अध्यापन केले आहे.

त्यांचे ऋण फेडण्याची एक साधी रीत या इतिहासातूनच मिळते, आणि ती भायखळ्याच्या फुटपाथवरच्या बायकांनी शिकवली आहे. दारात उभे राहून जे लिहिले, ते निघण्याआधी घरातल्यांना वाचून दाखवायचे. चुकले असेल तर तिथेच खोडायचे. राहिले असेल ते शेरा लिहायच्या रकान्यात घालायचे. मग एक प्रत त्यांच्या पेटीत, फोटोपासशेजारी, ठेवून यायची.

त्यानंतरही ती बाई विचारेलच, पुढे काय? विचारू द्यावे. फक्त त्या वेळी कागद दोघांच्याही हातात असावा.